कोडी: बेंगळुरूचे तलाव आणि काचेतला समुद्र

मागचे काही भाग आपण किल्ले, घाट आणि लष्करी पूल यांच्यात घालवले. आजचा विषय घरातला आहे. हे भाग ज्यांनी पाहिले त्यांना माझ्या पाठीमागची काचेची टाकी आठवत असेल. चार फूट लांब, खाऱ्या पाण्याची. प्रत्येक भागाखाली कुणी तरी विचारतंच, "कर्नलसाहेब, त्या निळ्या माशाचं नाव काय?" त्या टाकीतलं पाणी बाहेर कुठून जातं, हे मात्र आजवर एकानेही विचारलेलं नाही. टाकी घेताना मीही विचारलं नव्हतं. त्याची किंमत खालच्या मजल्यावरच्या अम्मांनी मोजली.

आधी रचना सांगतो. वरच्या टाकीच्या एका कोपऱ्यात काचेचा उभा कप्पा असतो. टाकीतलं पाणी त्या कप्प्याच्या काठावरून आत सांडतं, पाइपातून खालच्या कपाटातल्या दुसऱ्या टाकीत उतरतं, तिथे गाळलं जातं आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. खालच्या टाकीला 'संप' म्हणतात. बेंगळुरूच्या माणसाला हा शब्द शिकवावा लागत नाही, कारण इथे घरोघरी अंगणाखाली संप असतोच. हे चक्र दिवसरात्र चालू राहतं. माझा पंप तासाला अडीच हजार लिटर पाणी वर नेतो.

माझ्या पहिल्या टाकीला उतरणारा पाइप एकच होता. एका रात्री त्याच्या तोंडात गोगलगाय जाऊन बसली. पंपाला हे कसं कळणार? तो पाणी वर नेत राहिला. संपात पंपाच्या कप्प्यात पाणी होतं ४५ लिटर. वरच्या टाकीत काठापर्यंत रिकामी जागा चार सेंटिमीटर, म्हणजे २४ लिटरची. बाकीचे २१ लिटर खारं पाणी जमिनीवर, जमिनीतून खालच्या छतात आणि छतातून अम्मांच्या पुस्तकांच्या कपाटावर. पंप कोरडा चालून जळला. सकाळी सहाला दारावर थाप पडली.

अम्मा निवृत्त शिक्षिका, माहेर कोलारकडचं. मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्या सरळ टाकीपाशी गेल्या, चष्मा वर करून कोपरा बघितला आणि म्हणाल्या, "निम्म तोट्टिगे कोडी इल्वा?" म्हणजे, तुमच्या टाकीला कोडी नाही का? त्यांचे आजोबा गावच्या तलावाचे नीरगंटी होते. आपल्याकडे पाटकरी असतो ना, तसं काम. कुठल्या शेताला किती पाणी सोडायचं ते नीरगंटी ठरवतो आणि पावसाळ्यात बांधावर नजर ठेवतो.

तीस वर्षं सॅपर म्हणून नोकरी केलेल्या माणसाला हा प्रश्न कोलारच्या एका नीरगंटीच्या नातीने विचारावा, याची मला लाज वाटली. मग मी वाचायला बसलो. त्यातून हा भाग तयार झाला.

बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच आहे. शहरात मोठी बारमाही नदी नाही. केंपेगौडाने १५३७ च्या सुमारास पेठ वसवली तेव्हापासून, आणि आसपासच्या खेड्यांत त्याच्याही आधीपासून, इथला माणूस जगला तो तलावांवर. कन्नडमध्ये तलावाला केरे म्हणतात. १६३८ साली शहाजीराजांना ही जहागीर मिळाली तेव्हा त्यांच्या वाट्याला किल्ला आणि पेठ आली, तसे हे तलावही आले. त्यातले काही आज नावापुरतेही उरलेले नाहीत. मॅजेस्टिकचं बस स्थानक धर्मांबुधी तलावाच्या जागेवर उभं आहे आणि कंठीरवा स्टेडियम संपंगी तलावाच्या.

केरे म्हणजे खळग्याच्या उताराला आडवा घातलेला मातीचा बांध. त्यातून पाणी बाहेर काढायच्या वाटा दोन. एक तूबु, म्हणजे बांधाच्या पोटातून जाणारी मोरी. तिच्यावर दगडी खांब आणि खांबांमध्ये वरखाली होणारी खुंटी. नीरगंटी खुंटी उचलतो आणि शेताला पाणी मिळतं. दुसरी वाट म्हणजे कोडी, बांधाच्या टोकाला जरा खालच्या पातळीवर बांधलेला दगडी काठ. मराठीत आपण तिला सांडवा म्हणतो. तलाव भरला की जादा पाणी आपोआप त्या काठावरून निघून जातं.

इथे लक्ष द्या. तूबूला खुंटी असते, कोडीला नसते. कोडी उघडायला कुणाला जावं लागत नाही आणि बंद करायची सोयच नाही. मातीच्या बांधावरून पाणी गेलं की बांध राहत नाही, हे जुन्या लोकांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून शेवटची वाट त्यांनी माणसाच्या हातात ठेवली नाही. पुण्याच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. १२ जुलै १९६१ ला पानशेतचा अर्धवट बांध खचत होता तेव्हा जवान रात्रभर वाळूची पोती रचत होते, आणि तरीही सकाळी तो फुटला. आमच्या लहानपणी घरात 'पुराच्या आधी' आणि 'पुरानंतर' अशीच कालगणना चालायची.

दक्षिणेतल्या कित्येक तलावांच्या कोडीवर ओळीने उभे दगड रोवलेले असतात, दात असावेत तसे. पाऊस सरत आला की गावकरी त्या दातांमधल्या फटी चिखल-गवताने बुजवून तलावात वीतभर जास्त पाणी धरतात. फायदा खरा, आणि धोकाही तेवढाच खरा. अवेळी मोठा पाऊस आला आणि फटी मोकळ्या करायला उशीर झाला की बांधाची गाठ प्रलयाशी. आता कुठल्याही खाऱ्या टाकीच्या कोपऱ्यातला कप्पा बघा. त्याच्या काठालाही कंगव्यासारखे दात असतात, मासे आत जाऊ नयेत म्हणून. त्या फटींत शेवाळ साचतं, आणि फटी बुजल्या की पाण्याची पातळी चढते.

इथे थोडं गणित. काठावरून सांडणाऱ्या पाण्याचं सूत्र अमेरिकेत लॉवेल इथे जेम्स फ्रान्सिस नावाच्या इंजिनिअरने प्रयोग करून बसवलं, १८५५ साली छापलं, आणि आम्ही ते दापोडीच्या सीएमईत घोकलं. त्या हिशेबाने अडीच हजार लिटर पाणी ३० सेंटिमीटर लांबीच्या काठावरून जाताना साधारण बारा मिलिमीटर जाडीचा पापुद्रा होतो. काठ तिप्पट लांब, म्हणजे ९० सेंटिमीटर केला तर जाडी सहा मिलिमीटरच्याही खाली येते. पापुद्रा पातळ असला की पृष्ठभागावरची तेलकट साय जास्त चांगली ओढली जाते, आणि वीज गेल्यावर काठावरचं जे पाणी खाली उतरतं तेही कमी असतं. माझ्या टाकीत एक सेंटिमीटर पातळी म्हणजे सहा लिटर. बेंगळुरूत वीज किती वेळा जाते ते तुम्ही जाणताच. तेव्हा काठ लांब ठेवा. दात कापले की मोकळी लांबी जवळपास निम्मी होते, तेही धरा.

आता आपण थेट लंडनला जाणार आहोत, कारण समुद्र काचेत बंद करण्याचा उद्योग मोठ्या प्रमाणावर तिथे सुरू झाला आणि पाण्याच्या वाटेचा प्रश्नही तिथेच पहिल्यांदा नीट सोडवला गेला. १८४६ साली अ‍ॅना थिन नावाच्या बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला आणलं. ते जगवायला त्या समुद्राचं पाणी उघड्या खिडकीसमोर एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत, रोज अर्धा-पाऊण तास. बाई थकल्या की मोलकरीण ओतायची. माझ्या मते जगातला पहिला पंप ती मोलकरीण, आणि तिचं नाव कुणी नोंदवलेलं नाही. पुढे १८५० साली रॉबर्ट वॉरिंग्टनने मासा, वनस्पती आणि गोगलगाय यांचा समतोल साधला की पाणी बदलावं लागत नाही, असं मांडलं. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडलं. वर्षभरात फिलिप गॉस यांचं पुस्तक आलं आणि घरोघरी काचेच्या टाक्यांचं वेड लागलं. बहुतेक टाक्या काही आठवड्यांतच कुजल्या, कारण त्यांतलं पाणी जागच्या जागी उभं होतं.

उत्तर काढलं ते विल्यम आल्फर्ड लॉइडने. हा माणूस शिकलेला शास्त्रज्ञ नव्हे. पुस्तकं बांधायचं काम करायचा, मग मत्स्यपालनाच्या सामानाचं दुकान काढलं. १८६४ साली हॅम्बुर्गचं मत्स्यालय त्याने उभारलं, १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसचं. त्याची कल्पना अशी की लोकांना दिसणाऱ्या टाक्यांतलं पाणी थोडंच हवं. खरा साठा तळघरात, अंधारात, थंड, आणि काचेतल्या पाण्याच्या कित्येक पट. पंप तळघरातून पाणी वर चढवणार, ते एका टाकीतून दुसरीत सांडत उतरत शेवटी पुन्हा तळघरात जाणार. अखंड, रात्रीसुद्धा. खाऱ्या पाण्यात धातू विरघळून प्राण्यांना विषारी ठरतात हे ओळखून त्याने पंप आणि नळ व्हल्कनाइटचे, म्हणजे कडक केलेल्या रबराचे घेतले. नेपल्सला आंतोन डोर्नने समुद्री संशोधनाचं केंद्र काढलं, तिथल्या मत्स्यालयाची आखणीही लॉइडकडेच आली. ते १८७४ साली लोकांसाठी उघडलं.

लॉइडची पद्धत वाचताना मला सारखी हलसूर आठवत होती. हलसूर तलावाला लागून मद्रास सॅपर्सचं केंद्र आहे, त्यामुळे आमच्या बिरादरीला तो ओळखीचा. हलसूरची कोडी भरून वाहिली की पाणी राजकालुवेत, म्हणजे मोठ्या नाल्यात उतरतं, पुढे बेळ्ळंदूरला जातं, बेळ्ळंदूरचं जादा पाणी वर्तूरला, वर्तूरचं दक्षिण पिनाकिनी नदीत, आणि तिथून तमिळनाडूतून बंगालच्या उपसागरात. एकाची कोडी हाच दुसऱ्याचा झरा. लॉइडच्या टाक्याही अशाच माळेत होत्या. फरक एवढाच की समुद्रातलं पाणी परत हलसूरला आणायचं काम इथे पाऊस करतो, तिथे वाफेचं इंजिन करत होतं.

याच सुमाराला बेंगळुरूत मद्रास इंजिनिअर्सचा एक अधिकारी हे सगळं डोळ्यांनी पाहत होता. रिचर्ड सँकी. म्हैसूर संस्थानाचा मुख्य अभियंता असताना त्याने १८६६ च्या आसपास लिहून ठेवलं की या मुलखात तलाव इतके दाट आहेत की नव्या तलावाला जागा शोधणं अवघड. १८७० साली त्याच्या देखरेखीखाली कब्बन पार्क आकाराला आलं, १८८२ साली त्याच्या नावाचा तलाव बांधला गेला. त्याच कब्बन पार्कात, कस्तुरबा रस्त्याला लागून, १९८३ साली सरकारी मत्स्यालय उघडलं. समुद्र मात्र रस्त्याने तीनशे किलोमीटरच्या पलीकडे. मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाचं तसं नव्हतं. १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते ते उघडलं ते मरीन ड्राइव्हवर, रस्ता ओलांडला की समुद्र. लहानपणी मामाचा हात धरून मी तिथे गेलो होतो. खाऱ्या पाण्याचं वेड तिथूनच. बेंगळुरूत मात्र लिटरला ३५ ग्रॅम या हिशेबाने मीठ विकत घेऊन समुद्र घरी कालवावा लागतो. त्यामुळे २१ लिटर सांडले की पाऊण किलो मीठही गेलं. अर्थात अम्मांच्या पुस्तकांपुढे त्याचं काय.

आता पाइपाकडे येऊ. काठावरून पाणी कप्प्यात पडलं, पुढे खाली कसं न्यायचं? इथे मी व्हिडिओत आईकडचा वासुदेव प्याला दाखवला होता. पुस्तकात दाखवता येत नाही, म्हणून सांगतो. पितळी वाडगा, मध्ये वसुदेवाची मूर्ती, त्याच्या हातात बाळकृष्ण. पाणी ओतत जा. यमुना चढते, चढते, कृष्णाच्या पायाला टेकते, आणि टेकताच सगळं पाणी बुडातून निघून जातं. मूर्तीच्या पोटात वाकडी नळी लपवलेली असते. शाळेत आपण तिला वक्रनलिका म्हणत होतो. नळीच्या बाकापर्यंत पाणी पोचलं की ती भरते आणि मग वाडगा तळापर्यंत ओढून घेते.

टाकीचा साधा उभा पाइपही नकळत वासुदेव प्याला होतो. पाणी चढतं, पाइप तोंडोतोंड भरतो, एकदम ओढ लागते, कप्पा रिकामा होतो, हवा आत शिरते, ओढ तुटते, पाणी पुन्हा चढतं. दर मिनिटाला घरघर आणि फुरफुर. बायको म्हणाली, मुक्काम पोस्ट टाकीखाली, आणि दुसऱ्या खोलीत झोपायला गेली.

यावर उतारा गेल्या शतकाच्या शेवटी अमेरिकेतल्या हौशी लोकांनी रूढ केला. त्याला दुर्सो पाइप म्हणतात. पाइपाच्या टोकाला वाकवलेला कोपर, आणि कोपराच्या डोक्यावर हवेसाठी बारीक भोक. भोकातून हवा सतत आत जाते, पाइप पूर्ण भरतच नाही, त्यामुळे ओढ लागत नाही आणि आवाज थांबतो. मला हे भोक बघताच कात्रजचा नळ आठवला. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून पुण्याला पाणी आणलं, वाड्यांना आणि शहरातल्या हौदांना, सगळं उतारावर, पंपाशिवाय. त्या बंद नळावर अंतराअंतरावर बांधकामाचे उभे धुराडे आहेत. आत कोंडलेली हवा बाहेर पडावी म्हणून. त्यांचं नाव उच्छ्वास. दुर्सो पाइपाच्या भोकाला मी घरात उच्छ्वासच म्हणतो. विक्रेत्याला मात्र ते समजत नाही.

दुर्सो शांत, पण त्यातून कमी पाणी जातं, कारण अर्धी जागा हवा खाते. २००० नंतरच्या दशकात दोन सुधारणा आल्या. हर्बी पद्धतीत पाइप दोन. पहिला पाण्याखाली बुडालेला, पूर्ण भरून वाहणारा, आणि त्याच्या खालच्या टोकाला झडप. झडप फिरवून पाणी अगदी बेताचं करायचं, म्हणजे हवा शिरत नाही आणि आवाजही होत नाही. दुसरा पाइप उंच, कोरडा, फक्त अडचणीसाठी. बीनअ‍ॅनिमल पद्धतीत पाइप तीन. एक भरलेला आणि झडपेचा, दुसऱ्यातून पाण्याची बारीक धार कायम वाहती, तिसरा कोरडा. पहिल्याने दगा दिला तर पातळी चढते, दुसरा जोर धरतो. तोही तुंबला तर तिसरा.

आता केऱ्यावर परत चला. झडपेचा पाइप म्हणजे तूबु, कोरडा पाइप म्हणजे कोडी. कोरड्या पाइपाला झडप बसवायची नाही, जाळी बसवायची नाही, आणि एकट्याने सगळं पाणी नेता येईल एवढा तो मोठा हवा. काही लोक नीटनेटकं दिसावं म्हणून तिन्ही पाइपांना झडपा लावतात. मी त्यांना विचारतो, रात्री अडीच वाजता ती फिरवायला कोण उठणार?

एवढं सगळं कळलेल्या प्रांतात शहराने काय केलं तेही सांगायला हवं. सप्टेंबर २०२२ मध्ये बेळ्ळंदूर, सर्जापूर रस्ता, महादेवपुरा पाण्याखाली गेले. संगणकवाली मंडळी ट्रॅक्टरमध्ये बसून कामावर गेली आणि जगभर त्याची छायाचित्रं छापली गेली. पाऊस फार झाला हे खरंच. पण राजकालुव्यांवर इमारती चढल्या, नाले अरुंद झाले, तलावांच्या जागी वसाहती आल्या. वरच्या तलावाची कोडी वाहतेय आणि खालच्या तलावापर्यंत वाटच नाही. कोडीला झडप लावल्यासारखंच झालं हे. वर्तूरला आजही 'वर्तूर कोडी' नावाचा चौक आहे. रोज हजारो गाड्या तिथे खोळंबतात. त्यांतल्या किती जणांना त्या शब्दाचा अर्थ ठाऊक असेल?

बेळ्ळंदूर-वर्तूरच्या कोडीवरचा फेस तुम्ही बातम्यांत पाहिला असेल. सांडपाण्यातला साबण कोडीवरून आपटतो, हवा मिसळते आणि फेसाचे ढीग रस्त्यावर येतात. खाऱ्या टाकीत आपण नेमकं हेच मुद्दाम करतो. संपात प्रोटीन स्किमर नावाचं यंत्र असतं. ते पाण्यात बारीक बुडबुडे सोडतं, घाण बुडबुड्यांना चिकटते, फेस वर चढून एका पेल्यात जमतो. पेला मी दर तिसऱ्या दिवशी ओततो. वर्तूरला तो पेला नाही.

असो. माझी नवी टाकी तीन पाइपांची केली. संपातला पंपाचा कप्पा लहान केला, २० लिटरचा. म्हणजे तिन्ही पाइप तुंबले तरी पंप २० लिटरच वर नेऊ शकतो, आणि वर जागा २४ ची आहे. उलट बाजूही तपासली. वीज गेली की पंपाचा नळ उलटा चालतो आणि टाकीतलं पाणी खाली ओढतो, तोच वासुदेव प्याला. नळाचं तोंड पाच सेंटिमीटर खोल होतं, म्हणजे ३० लिटर खाली येणार. ते मी पृष्ठभागापासून एक सेंटिमीटरवर आणलं. काही लोक नळाला हवेसाठी भोक पाडतात, काही एकेरी झडप बसवतात. खाऱ्या पाण्यात दोन्ही कधी तरी मिठाने किंवा शेवाळाने अडतात. म्हणून संपात ३० लिटरची मोकळी जागा ठेवलीच.

चाचणीच्या दिवशी अम्मांना वर बोलावलं. पुस्तकं वाळवून परत लावली होती त्यांनी, काहींची पानं कायमची फुगली ती फुगलीच. त्या खुर्ची घेऊन कप्प्यासमोर बसल्या. मी पहिल्या पाइपाची झडप पूर्ण बंद केली. पाणी बोटभर चढलं, दुसरा पाइप खळखळून वाहू लागला. मग दुसऱ्याच्या तोंडात चिंधी कोंबली. पाणी आणखी चढलं आणि तिसऱ्यात धबधब्यासारखं कोसळलं. आवाज एवढा की बायको स्वयंपाकघरातून धावत आली. टाकीचा काठ कोरडा होता.

अम्मा म्हणाल्या, त्यांच्या गावी कोडी पडली, म्हणजे तलाव भरून सांडू लागला, की बाया सुपात बागिन घेऊन पाण्याला वाहायला जात. मग चहा प्यायल्या आणि जाताना विचारलं, "तिसरीत गोगलगाय गेली तर?"

तेव्हापासून मी दर महिन्याच्या एक तारखेला तिसऱ्या पाइपात विजेरी मारून बघतो. आजवर कोरडाच आहे.